फटीचा हिशेब

अतिसंवाहक केबलीचा विषय निघाला म्हणजे, ज्या फितीतून विद्युत्प्रवाह कसलाही रोध न होता वाहतो तिच्याभोवतीच ऐकणाऱ्याचे सारे कुतूहल गोळा होते. आणि १९११ साली लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी ४.२ केल्व्हिनच्या सुमारास पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला तेव्हापासून या घटनेभोवतीचे अद्भुताचे वलय अजून विरलेले नसल्यामुळे, त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. माझी सारी नोकरी मात्र त्या फितीच्या बाहेर, काही मिलिमीटर जाडीच्या एका थरात गेली. प्रवाहाने आत बिनदिक्कत वाहावे ही इतरांची काळजी. त्याने बाहेर पाऊल टाकू नये ही आमची. रोध शून्य झाला म्हणून व्होल्टेज शून्य होत नाही. १३८ किलोव्होल्टच्या जाळ्यात बसवलेल्या केबलीत प्रत्येक वाहक आणि जमीन यांच्यामध्ये जवळजवळ ८० किलोव्होल्ट उभे असतात, आणि वाहक तांब्याचा असो की अतिसंवाहक, ते पेलण्याची जबाबदारी निरोधनाच्या थरावरच येऊन पडते.

या व्यवसायात माझा प्रवेश झाला तो मुंबईच्या उपनगरातील एका केबल कारखान्यातून, आणि तेथे अतिसंवाहकतेचे नावही कोणी घेत नसे. तेलकागदी केबल हे तेथील मुख्य उत्पादन. तांब्याच्या वाहकावर अरुंद कागदी पट्ट्यांचे वेढे, थरावर थर असे, लॅपिंग मशीनवर चढवीत. मग सारा ड्रम निर्वात टाकीत तापवून कागदातील ओल काढीत आणि त्यानंतर तेल भरीत. त्या थरांत दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट ठेवण्याचा शिरस्ता होता. जेथे निरोधन अखंड असावे असे पुस्तकात शिकून आलो होतो तेथे हे लोक मुद्दाम भगदाड कशासाठी ठेवतात, असे मी विचारले, तेव्हा मशीनवरचे वृद्ध मिस्त्री काम न थांबवता म्हणाले, “साहेब, केबल ड्रमावर वाकायची आहे. कागदाला सरकायला जागा नाही ठेवली तर चुरगळेल, नाहीतर फाटेल. फट राहू द्या. फक्त फटीवर फट येऊ देऊ नका.” खालच्या थरातील फटीवर वरच्या पट्टीचे अंग यावे म्हणून प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा पट्टीच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने सरकवून घेतात, आणि ३५ ला ६५ हे त्याचे रूढ प्रमाण आहे, हे नंतर मी पुस्तकांतही वाचले, परंतु त्या विषयावर पुढे जे काही वाचले ते बहुतेक सारे मिस्त्रींच्या या शेवटच्या वाक्याचे भाष्य होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

त्या काळी कागदाचे दिवस भरत आले होते. वाहकावर एकसंध प्लास्टिक ओतून केलेली एक्सएलपीई केबल बाजारात स्थिरावली होती. तिला ना तेल लागे, ना टाकी, आणि फटीचा तर प्रश्नच नव्हता. कारखान्यातील तरुण इंजिनिअर त्या खात्यात बदली मागून घेत. मीही पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेलो तो कागदाला रामराम ठोकण्याच्या हेतूनेच. पण तेथे पोहोचल्यावर दैवाने माझी थट्टा केली म्हणायची, कारण १९८६ साली झ्यूरिकमध्ये बेडनॉर्ट्‌झ आणि म्यूलर यांनी नव्या प्रकारच्या सिरॅमिक अतिसंवाहकांचा शोध लावला होता, लगेच पुढच्या वर्षी ९० केल्व्हिनच्याही वर अतिसंवाहक राहणारा पदार्थ हाती आला होता, आणि द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळत असल्यामुळे, महागड्या हेलियमवाचून अतिसंवाहक केबल चालेल अशी आशा सर्वत्र उत्पन्न झाली होती. त्या केबलीचे निरोधन कशाचे करावे हा प्रश्न ज्या प्रयोगशाळेत चालू होता तेथे माझी नेमणूक झाली; आणि प्रमुखांनी माझ्या अर्जातील कोणती ओळ वाचून मला निवडले म्हणाल, तर ‘लॅपिंगचा अनुभव’ ही.

कागद परत का आला याचे कारण थंडीत आहे. खोलीच्या तापमानावरून ७७ केल्व्हिनपर्यंत उतरताना तांबे किंवा पोलाद हजार मीटरला सुमारे तीन मीटर आखडते. पॉलिएथिलीन त्याच्या कितीतरी पट आखडते. ओतीव निरोधनाचा जाड थर वाहकाला घट्ट धरून असतो. तो आखडू पाहतो, आतला धातू त्याला आखडू देत नाही, आणि थंडीने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला ताणाखाली वाट काढावी लागते. अशा केबलीचा एक तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये सोडला तेव्हा झालेला ‘टण्’ असा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला, आणि बाहेर काढल्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग चष्म्याशिवाय दिसत होती. पट्ट्यांचे निरोधन मात्र थरांवर थर सरकून हा सारा संकोच पचवते. जी फट वाकण्यासाठी ठेवली होती ती आता आखडण्याच्या कामी आली.

अर्थात, निरोधन गार करण्याच्या भानगडीत न पडता अतिसंवाहकाभोवती निर्वात नळीचा थर्मास घालावा आणि त्याच्या बाहेर नेहमीचे एक्सएलपीई चढवावे, असाही एक पंथ होता, व त्याची काही यंत्रणा उभीही राहिली. त्या पंथाविषयी मला कधी आपुलकी वाटली नाही, आणि ती न वाटण्यात माझ्या पोटापाण्याचा भाग किती आणि शास्त्राचा किती हे मी आज सांगू शकणार नाही. शास्त्राचा मुद्दा हा, की निरोधन थंडीच्या आत असले म्हणजे त्याच्या बाहेर अतिसंवाहकाचेच कवच घालता येते, चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडत नाही, आणि शेजारच्या केबलीशी होणारा उपद्रव टळतो.

आता फटीत तेलाच्या जागी द्रव नायट्रोजन आला. हा द्रव निरोधक म्हणून मुळीच वाईट नाही. चांगल्या तेलाच्या जवळपास त्याची पत आहे. परंतु परमिटिव्हिटी म्हणून जो गुण आहे तो त्याच्या ठिकाणी १.४३ इतकाच, तर पट्टीच्या ठिकाणी २.२ च्या आसपास किंवा अधिक. आणि प्रत्यावर्ती व्होल्टेजखाली एकामागे एक असलेल्या थरांत ज्याची परमिटिव्हिटी कमी त्याच्या वाट्याला विद्युत्क्षेत्र जास्त, असा निसर्गाचा कायदा असल्यामुळे, फटीतल्या द्रवावर शेजारच्या पट्टीपेक्षा सुमारे दीडपट ताण पडतो. एका जुवाला जोडलेल्या दोन बैलांपैकी जो अशक्त त्याच्याच मानेवर जू अधिक दाबावे, तसा हा प्रकार. आणि त्या द्रवात बुडबुडा निर्माण झाला, तर वायूची परमिटिव्हिटी द्रवाहूनही कमी आणि सहनशक्ती तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून पहिली ठिणगी तेथे पडते. तिला आम्ही पार्शल डिस्चार्ज, बोलताना नुसते ‘पीडी’, म्हणतो. एका ठिणगीने काही बिघडत नाही. परंतु ती प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला, दिवसाचे चोवीस तास, त्याच जागी पडत राहिली म्हणजे पट्टी पोखरते.

बुडबुडा का होतो, तर वातावरणाच्या दाबाखालील द्रव नायट्रोजन उकळीच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. म्हणून त्याला दाबाखाली ठेवतात आणि उकळबिंदूच्या खाली गारही करतात; पाच बार दाबाखाली तो सुमारे ९४ केल्व्हिनपर्यंत उकळत नाही, आणि खाली ६३ केल्व्हिनला गोठतो, तेव्हा या दोहोंच्या मधली पट्टी हेच आमचे सारे राज्य. हे आकडे मला पाठ होते. पण ते पटले एका रात्री. आमच्या क्रायोस्टॅटला, म्हणजे अतिथंड द्रवाच्या पात्राला, काचेची खिडकी होती. आतल्या इलेक्ट्रोडखाली एक लहानसा हीटर ठेवून आम्ही मुद्दाम बुडबुडे सोडीत होतो. व्होल्टेज नसताना ते मोत्यांच्या सरासारखे सरळ वर जात. व्होल्टेज चढवले की इलेक्ट्रोडच्या टोकाजवळ, जेथे क्षेत्र सर्वांत तीव्र, तेथून ते बाजूला फेकले जात, जणू कोणी बोटाने ढकलावेत. कमी परमिटिव्हिटीच्या वस्तूला तीव्र क्षेत्र बाहेर लोटते हे समीकरण मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे, तरीही ते डोळ्यांनी पाहताना मी नोंदवहीत लिहावयाचे विसरून खिडकीशी उभा राहिलो. मग सहकाऱ्याने दाबाचे झडप-चाक फिरवले. काटा वर सरकला, बुडबुडे बारीक होत होत दिसेनासे झाले, आणि पीडीच्या पडद्यावरील रेघांचे गवत आडवे झाले.

उघड्या द्रवातील ही किमया केबलीच्या फटीत मात्र लागू पडत नाही, कारण तेथे बुडबुड्याला फेकले जाण्यास जागाच नसते. हा फरक न ओळखता, खुल्या इलेक्ट्रोडवर मोजलेले आकडे केबलीच्या मसुद्यात घालणारे पुष्कळ लेख त्या काळी प्रसिद्ध होत.

पट्टी कशाची असावी यावरही बराच खल झाला. नुसत्या क्राफ्ट कागदातून द्रव छान झिरपतो, पण त्याचा डायइलेक्ट्रिक लॉस, म्हणजे निरोधनातच उष्णता होऊन वाया जाणारी वीज, जास्त. नुसत्या प्लास्टिकच्या फिल्मचा लॉस कमी, पण थर एकमेकांस चिकटून बसले की मधला वायू बाहेर पडत नाही. शेवटी दोन कागदांच्या मध्ये पॉलिप्रॉपिलीनची फिल्म घातलेली पीपीएलपी ही पट्टी बहुतेकांनी स्वीकारली. ती जपानी तेल-केबलींसाठी आधीच प्रचारात होती, म्हणजे हीदेखील कागदाच्या घराण्यातलीच. लॉसचा हिशेब येथे नेहमीच्या केबलीपेक्षा वेगळ्या दराने मांडावा लागतो. थंडीत उत्पन्न झालेला एक वॅट बाहेर काढण्यासाठी शीतयंत्रास दहा ते वीस वॅट खर्ची पडतात. हेलियमच्या तापमानाला तोच आकडा काही शेकड्यांत जातो. आणि हा लॉस व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, प्रवाह वाहो वा न वाहो. रात्री तीन वाजता शहर झोपलेले असतानाही तो वसूल होतच असतो.

हेलियमचा उल्लेख आला म्हणून सांगतो. लाँग आयलंडवरील ब्रूकहेवन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात हाती घेतलेला नायोबियम-टिनच्या केबलीचा प्रकल्प हा आमच्या पिढीचा धडा होता. ११५ मीटर लांबीच्या केबली, १३८ किलोव्होल्ट, १००० एमव्हीएची क्षमता, आणि निरोधन प्लास्टिकच्या पट्ट्यांचे, ज्यांच्या फटींत हेलियम. त्यांनी त्या यशस्वीपणे चालवून दाखवल्या, आणि १९८६ साली, झ्यूरिकच्या शोधाच्याच वर्षी, प्रकल्प गुंडाळला गेला. त्याच बेटावर होलब्रुक येथे एप्रिल २००८ मध्ये द्रव नायट्रोजनवर चालणारी, त्याच १३८ किलोव्होल्टची, सुमारे ६०० मीटरची केबल प्रत्यक्ष वीजजाळ्यात जोडली गेली. या दोहोंमधल्या बावीस वर्षांचे श्रेय लोक फितीला देतात. ब्रूकहेवनच्या अहवालांतील पट्टी गुंडाळण्याच्या ताणाविषयीची प्रकरणे ज्यांनी वाचली आहेत ते तसे म्हणणार नाहीत.

नापास झालेली केबल उकलणे हे माझे आवडते काम होते, आणि त्यासाठी कोणी पुढे येत नसे म्हणून ते माझ्याकडेच राहिले. एकदा एक नमुना-केबल पहिल्या शीतनात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाली, खोलीच्या तापमानावर आणून पुन्हा गार केल्यावर मात्र अपेक्षेच्या पुष्कळ खाली पंक्चर झाली. मोठ्या टेबलावर ती आडवी घातली, आणि बाहेरून आत एकेक पट्टी सोडवीत, प्रत्येक फटीची रुंदी मापकाने घेत, कागदावर मांडीत गेलो. बाहेरचे थर स्वच्छ होते. मध्यावर आल्यावर पट्टीच्या पृष्ठभागावर, फटीच्या कडेपासून निघून नदीच्या उपनद्यांप्रमाणे पसरत गेलेली तपकिरी रेघ दिसली. तिच्या मागोमाग तीन थर खाली गेलो. तेथे सुईच्या टोकाएवढे, कडा जळालेले छिद्र होते. नकाशावर पाहता त्या ठिकाणी एकाखाली एक अशा तीन फटी सरळ रेषेत आलेल्या होत्या. कारखान्यातून बाहेर पडताना त्या तशा नव्हत्या, हे लॅपिंगच्या नोंदीवरून सिद्ध झाले. थंड-गरम होताना थर सरकले होते, आणि परत येताना आपल्या जागी आले नव्हते. पट्टीचा ताण एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत क्रमाने कमी करीत नेण्याची जी तजवीज त्यानंतर झाली तिचे मूळ या उकललेल्या तुकड्यात आहे.

याच सुमारास दप्तराशी माझे वाजले. लहान नमुन्यांवर घेतलेल्या मोजमापांची सरासरी अहवालात ठळक अक्षरांत छापावी, आणि सर्वांत कमी आलेला आकडा, तो ‘अपवादात्मक’ असल्याने, परिशिष्टात घालावा, असा वरून हुकूम आला. सरासरी आकडा मंजुरी मिळवण्यास सोयीचा होता हे मलाही दिसत होते. पण स्वीडनच्या वायबुल यांनी १९५१ साली मांडलेले संख्याशास्त्र ज्याने थोडे तरी हाताळले आहे त्याला ठाऊक असते की, नमुना जितका मोठा तितकी त्यात एखादी दुबळी जागा सापडण्याची शक्यता अधिक, आणि केबल तिच्या सर्वांत दुबळ्या जागी पंक्चर होते, सरासरी जागी नव्हे. हातभर तुकड्यावरचा तो अपवादात्मक आकडा किलोमीटरभर केबलीत नित्याचा होतो. मी लेखी कैफियत दिली. ती दाखल करून घेतली गेली आणि अहवाल हुकुमाप्रमाणेच छापला गेला. पुढे प्रत्यक्ष केबलीची जाडी ठरवताना दुसऱ्याच कोणी तो परिशिष्टातील आकडा धरून हिशेब केला, एवढे समाधान.

केबलीच्या टोकांविषयी बाहेरच्या लोकांस फारशी कल्पना नसते. आत ७७ केल्व्हिन, बाहेर ३०० केल्व्हिन, आणि मधल्या दीड-दोन मीटरांत तापमान, दाब आणि व्होल्टेज या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उतरवून आणावयाच्या. द्रव कोठे संपतो आणि वायू कोठे सुरू होतो ती पातळी टोकाच्या आत कोठेतरी असते, व ती ताण-शंकूच्या, म्हणजे टोकाशी क्षेत्र सौम्य करणाऱ्या शंकूच्या, भलत्या भागाशी येऊन थांबली तर सारा बंदोबस्त फुकट जातो. एका दमट उन्हाळ्यात बाहेरच्या इन्शुलेटरच्या तळाशी दव धरू लागले, पहाटेपर्यंत त्याचे पांढरे कडे झाले, आणि चाचणी पुढे ढकलून आम्हांला तेथे गरम हवेचे पंखे लावावे लागले. लाखो डॉलरांच्या यंत्रणेपुढे केस वाळवण्याच्या यंत्राचा थोरला भाऊ घोंघावत असलेला पाहून पाहुण्यांची करमणूक झाली.

या केबलीची खरी परीक्षा शॉर्टसर्किटच्या वेळी होते. त्या क्षणी प्रवाह मर्यादेबाहेर जातो, अतिसंवाहकता हरपते, फीत तापते, आणि तिला लगटलेल्या फटींतील द्रव उकळू लागतो. नंतर ब्रेकर पुन्हा जोडला जातो आणि पूर्ण व्होल्टेज परत येते, म्हणजे निरोधन अत्यंत दुर्बल असताना त्याच्याकडून संपूर्ण कर्तव्याची अपेक्षा केली जाते. प्रवाहाची चाचणी एका खात्यात आणि व्होल्टेजची दुसऱ्या खात्यात करण्याची जी जुनी वाटणी आहे तिच्यात हा क्षण कोणाच्याच हद्दीत येत नाही. ही दोन खाती एका क्रायोस्टॅटभोवती आणण्यासाठी मला जेवढी पत्रे लिहावी लागली तेवढी परीक्षणाच्या निकालांवरही लिहावी लागली नाहीत.

माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात एक गंमत घडली. आम्ही उंच व्होल्टेजच्या मागे लागलो होतो. जपानी मंडळींनी २७५ किलोव्होल्टची केबल करून तपासली, कोरियात जेजू बेटावर १५४ किलोव्होल्टची किलोमीटरभर केबल आली. आणि इकडे जर्मनीत एसेन शहरात २०१४ साली एक किलोमीटर लांबीची जी केबल सुरू झाली ती अवघ्या १० किलोव्होल्टची होती. अतिसंवाहकातून प्रवाह हवा तेवढा नेता येतो, तर व्होल्टेज चढवावेच कशाला, शहराच्या मध्यभागी ११० किलोव्होल्टच्या केबलीचे आणि उपकेंद्राचे काम १० किलोव्होल्टवर का भागवू नये, असा त्यांचा युक्तिवाद. आणि ४० मेगावॅट त्या सडपातळ केबलीतून जाऊ लागले. १० किलोव्होल्टला निरोधन पातळ लागते, लॉस नगण्य असतो, फटीतील ताण सौम्य असतो. आमच्या साऱ्या चिंतांवर त्यांनी व्होल्टेज उतरवून उपाय केला होता. निरोधनाच्या माणसाने याला काय म्हणावे? मी त्यांचे अभिनंदन केले, आणि ते मनापासून केले, असे बरेचसे खरे आहे.

२०१९ साली या केबलींच्या चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. एकदिश प्रवाहाच्या केबलींचे प्रश्न मात्र वेगळे आहेत: त्यांत क्षेत्राची वाटणी परमिटिव्हिटीऐवजी विशिष्ट रोधावर होते, थंडीत अडकून पडलेला विद्युत्भार लवकर सुटत नाही, आणि ध्रुव उलटले की तो जुना भार नव्या क्षेत्रात मिसळतो. ते शास्त्र माझ्यानंतरच्या लोकांचे आहे आणि मी त्यात लुडबूड करीत नाही.

आयुर्मानाचा प्रश्न मात्र मला सोडत नाही. तेलकागदी केबल उष्णतेने म्हातारी होते, आणि किती अंशाला किती वर्षे याचे कोष्टक आमच्या मुंबईच्या कारखान्यातही भिंतीवर टांगलेले होते. ७७ केल्व्हिनला रासायनिक जीर्णता जवळजवळ थांबते. मग या केबलीला वार्धक्य आणणार कोण? माझ्या मते दोघेच: दबक्या पायांनी येणारी पीडी, आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी गरम करून पुन्हा गार करताना सरकणारे थर. याचा पुरावा चालून बंद झालेल्या केबलींच्या पोटात आहे. म्हणून सल्ला मागणाऱ्या सर्वांना मी लिहून कळवतो की, जमिनीतून काढलेली केबल भंगारात देण्यापूर्वी टोकालगतचा आणि जोडालगतचा तुकडा राखून ठेवावा, थर बाहेरून आत उकलावेत आणि प्रत्येक फटीचे माप घ्यावे. एका ठिकाणाहून उत्तर आले की लिलाव आधीच उरकला आहे. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण महिला अभियंत्याने तुकडा मागून घेतला असून तिचे निम्मे थर उकलून झाले आहेत. फटी बहुतेक जागच्या जागी आहेत. एका ठिकाणी मात्र पट्टीची कड दुमडलेली सापडली आहे, आणि ती घडी केबल नळीत ओढताना पडली की गार होताना, हे आतले थर सुटल्यावर ती कळवणार आहे.